बापाच्या मापाची दुनळी

रिब्नित्सातल्या योश्तच्या दुकानात बंदूक निवडायला येणाऱ्याने आधी कोट उतरवायचा आणि मग डोळे मिटायचे, असा शिरस्ता होता. योश्त त्याच्या हातात स्क्रू बसवलेला एक नमुन्याचा दस्ता देई. त्या दस्त्याला नळीही असे, पण बुजवलेली. मिटल्या डोळ्यांनी तो खांद्याला लावायचा, गाल टेकवायचा आणि मगच डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, नजरेच्या रेषेत आली नाही, तर योश्त एखादा स्क्रू अर्धा फेरा फिरवी आणि म्हणे, "पुन्हा." असे कधी वीस वेळा, कधी चाळीस वेळा चाले. माप जुळले की ते तो लिंडेनच्या मऊ लाकडाच्या पातळ फळीतून कापून काढी. फळीच्या पाठीवर पेन्सिलीने नावाची आद्याक्षरे आणि तीन आकडे लिही: लांबी, झुकाव आणि कल. मग ती फळी भिंतीवर टांगली जाई. आमच्या खोऱ्यातला प्रत्येक शिकारी दस्त्याच्या आकाराने त्या भिंतीवर लटकत होता. माझीही फळी तिथे होती.

तिल्का ओझ्बोल्त हिला घेऊन मी त्या दुकानात गेलो तो १९६४ सालच्या सप्टेंबरात. मी तेव्हा लाझे गावच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि शिकारमंडळाचा चिटणीसही. तिल्काचे उमेदवारीचे वर्ष मंडळाने माझ्या देखरेखीखाली ठेवले होते. तिने ते चोख पार पाडले, आणि परीक्षेत तिची जनावराची एकही खूण चुकली नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण तिच्याविषयी नंतर बरेच बोलले गेले. आता राहिली होती ती स्वतःची बंदूक. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मिर्झली डोलचा हाका होता. त्या दिवशी स्वतःच्या बंदुकीसह उभा न राहणारा उमेदवार मंडळाच्या नियमानुसार यादीतून कमी होत असे.

तिल्का आमची पोस्टमन होती. वय एकोणचाळीस, अविवाहित, उंच, डावखुरी. सोळा वर्षे ती चामड्याची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन फरच्या जंगलातून वस्तीवस्तीवर टपाल पोचवत होती. पत्र असो वा नुसती शेतकी खात्याची सूचना, ती माणसाच्या हातात दिल्याखेरीज परत फिरत नसे. दार बंद असेल तर मळ्यात जाई, मळ्यात नसेल तर गोठ्यात. अशा बाईला शिकारीचे वेड कशापायी, याबद्दल गावात तर्क फार होते. खरे कारण तिने मला उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी सांगितले होते.

"मला डुक्कर मारायचं नाही, गुरुजी. मला मिर्झली डोलमध्ये उभं राहायचंय. तिथं बंदूकवाल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत."

मिर्झली डोल हा राखीव जंगलातला थंड खळगा. त्याच्या तळाशी बर्फ जूनपर्यंत टिकते, आणि झाडे उलट्या क्रमाने वाढतात: वर बीच, खाली फर, अगदी तळाला नुसते शेवाळ. १९३३ च्या नोव्हेंबरात तिथल्या हाक्यात तिल्काचा बाप इग्नात्स याला खळग्याच्या काठावरच्या फरखाली ठाणे मिळाले होते. हाका संपल्याचे शिंग वाजले, सगळे परत आले, इग्नात्स आला नाही. तीन आठवडे शोध झाला. दोर लावून माणसे विवरांत उतरवली. बंदूक नाही, टोपी नाही, बटणसुद्धा सापडले नाही. तिल्का तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आई नेझा हिने पुढच्या एकतीस वर्षांत एकदाही सर्व मृतांच्या दिवशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावली नाही. कुणी विचारले तर म्हणे, "जिवंत माणसाला मेणबत्ती लावतात होय?"

त्या दिवशी आमच्याबरोबर मंडळाचे प्रमुख त्सेने कोर्दिशही आले होते. त्सेनेंचा शिकारीतला अधिकार मोठा, तोंडही तेवढेच मोठे.

"बंदूक कशाला पाहिजे तुला?" दुकानात शिरता शिरता त्यांनी सुरू केले. "तू नुसतं 'टपाल!' म्हणून ओरडलीस तरी डुकरं क्रोएशियात जातील."

"तुमच्या दाराशी रोज ओरडते, त्सेनेकाका. तुम्ही कुठं गेलात अजून?"

योश्त हसला नाही. सत्तरीचा, कोरडा, दाढीत भुसा अडकलेला माणूस. मोजमाप चालू असताना दुकानात हसलेले त्याला खपत नसे.

"हलकी रायफल घे," त्सेने म्हणाले. "एक नळी, एक गोळी, एक जनावर. बायकांच्या खांद्याला झेपते."

"दुनळी पाहिजे मला."

"का?"

"बाबांची दुनळी होती."

"नळ्यांचं नंतर बघू," योश्त म्हणाला. "आधी गाल. मिट डोळे."

भिंतीपाशी चार तयार बंदुका होत्या. त्यांतली एकही तिला लागू पडली नाही, कारण सगळे दस्ते उजव्या खांद्याचे होते. म्हणून नमुन्याचा दस्ता आला. साधारणपणे वीस वेळा तरी "पुन्हा" ऐकू येई, पण तिल्काने तिसऱ्याच खेपेस डोळे उघडले आणि ती तशीच थबकली.

"बसलं," ती म्हणाली.

"इतक्यात नाही बसत कुणाचं. पुन्हा."

तिने पुन्हा केले. पुन्हा बसले. योश्तने तिच्या गालाखाली बोट सरकवून पाहिले, मागून पाहिले, बसून पाहिले. मग त्याने स्क्रूंवरचे आकडे वाचले, फळी कापली आणि पेन्सिलीने लिहायला घेतले. दुसरा आकडा लिहून होताच त्याचा हात थांबला. तो उठला, भिंतीच्या अगदी टोकाला गेला, आणि कोपऱ्यातली एक काळवंडलेली फळी खिळ्यावरून न काढताच नुसती कलती करून त्याने तिची पाठ पाहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"इग्नात्स," तो म्हणाला. "साडेसदतीस, सव्वापाच, डावा कल आठ. तिन्ही हेच."

 त्सेने पुढे झाले. "अरे, बापाचीच लेक आहे. नाकही त्याचंच आहे."

"नाक असू दे," योश्त म्हणाला. "माप असता कामा नये."

योश्तच्या आजोबांपासून त्या भिंतीचा एक नियम होता, आणि आम्ही सगळे तो पाळत आलो होतो. एका मापाची एकच फळी टांगायची. दोन सारख्या टांगल्या, तर दोघांपैकी एकाचा खांदा रिकामा होतो, असे ते म्हणत. शिकारी मेला की त्याच्या घरचे माणूस येऊन फळी उतरवी आणि स्वतःच्या हाताने दुकानातल्या चुलीत घाली. इग्नात्सची फळी कुणी उतरवली नव्हती, कारण तो मेला असे कुणी म्हटलेच नव्हते.

"माझ्या फळीतलं अर्धा सेंटिमीटर कमी करा," तिल्का म्हणाली. "मग सारख्या नाही राहणार."

"चुकीचं माप मी कोरत नाही. तू चुकशील, आणि जखमी डुक्कर तुझ्याकडं येईल. ते तुझ्या मुळावर, आणि पाप माझ्या डोक्यावर." त्याने तिची नवी फळी टेबलावर पालथी ठेवली. "त्याची जळली की तुझी टांगतो. टांगली की दस्ता कोरायला घेतो. पाच आठवडे लागतील. शनिवारपर्यंत सांग."

परतीच्या बसमध्ये तिल्का खिडकीशी बसली होती. रिब्नित्सा सुटल्यावर ती म्हणाली, "बंदूक नसेल तर मी तिथं उभी राहू शकत नाही. आणि बाबा मेले असं म्हटल्याशिवाय बंदूक मिळत नाही. मग तिथं उभं राहून मी शोधू कुणाला, गुरुजी?"

 

आईला तिने त्याच संध्याकाळी विचारले. नेझा सलगम सोलत होती. तिने सुरी थांबवलीसुद्धा नाही. "तुला बंदुकीसाठी त्याला मारायचं असेल तर मार. तुझा बाप आहे, तुझा हक्क आहे. मी चुलीपाशी उभी राहणार नाही." इतके बोलून तिने जेवायला वाढले. कुट्टूची उकड होती, वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे. दोघी जेवल्या. 

चौथ्या दिवशी, शनिवारी, सकाळचे टपाल वाटून झाल्यावर तिल्का शाळेच्या दाराशी आली. तिने चर्चला जायचा काळा कोट घातला होता.

"चला," ती म्हणाली. "जाळते."

"नक्की?"

"रोज पस्तीस दारं ठोठावते मी, गुरुजी. एकही दार एकतीस वर्षं बंद राहिलेलं पाहिलं नाही. चला आता, नाहीतर पाय मागं फिरतील."

योश्तने चूल पेटवून ठेवली होती. त्सेने या वेळी आले नव्हते. दुपारचे दोन वाजले होते आणि दुकानात उजेड भरपूर होता, हे मी लिहून ठेवतो. योश्तने शिडी लावली, इग्नात्सची फळी खिळ्यावरून काढली, फडक्याने धूळ झटकली आणि टेबलावर ठेवली. जाळण्यापूर्वी दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून खात्री करायची, हाही नियम. त्याने तिल्काची फळी खाली ठेवली, इग्नात्सची वर. मनगटाकडची टोके जुळवली आणि बोट फळीच्या कडेने खांद्याच्या टोकापर्यंत नेले.

बोट तिथे अडकले.

वरची फळी आखूड होती. अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे दीड सेंटिमीटर. पाठीवर मात्र पेन्सिलीने साडेसदतीसच लिहिलेले होते.

"आटली असेल," मी म्हणालो. "तीस वर्षं झाली."

"लाकूड रुंदीत आटतं, गुरुजी," योश्त हलक्या आवाजात म्हणाला. "लांबीत आटत नाही. शाळेत शिकवत नाही का तुम्ही?"

त्याने फळी खिडकीशी नेली. फळी सगळीकडून तपकिरी झाली होती, धुराने आणि वर्षांनी. फक्त खांद्याचे टोक पांढरे होते. लिंडेन नुकते कापले की जसे पांढरे असते, तसे. मी नाक जवळ नेले, तर ओल्या लाकडाचा गोडसर वास आला.

"करवतीचं काम नाही हे," योश्त म्हणाला. "चाकूनं तासलंय. थोडं थोडं करून. मांडीवर घेऊन, बसून." त्याने अंगठा त्या टोकावरून फिरवला. "डाव्या हातानं."

जमिनीवर एकही ढलपी नव्हती. आम्ही तिघांनीही पाहिले.

मग योश्तने एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून मला प्रथमच भीती वाटली. ती का वाटली, हे आधी सांगायला हवे. म्हातारपणी मान आखडते, खांदे आत जातात, आणि शिकाऱ्याला त्याचाच दस्ता लांब पडू लागतो. म्हणून साठी आली की योश्त प्रत्येकाची फळी तासून थोडी आखूड करत असे. माझी त्याने दोन वर्षांपूर्वीच आखूड केली होती.

"तिल्का," तो म्हणाला, "तुझा बाप आज किती वर्षांचा?"

"मार्चमध्ये साठ झाले."

योश्त स्टुलावर बसला. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि आम्ही तिघेही दचकलो.

या गोष्टीचा उलगडा व्हावा म्हणून मी शक्य ते सगळे केले. योश्तने स्वतः दयेपोटी फळी तासली असेल, हा पहिला तर्क. पण मी तो बोलून दाखवताच त्याने आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. संधिवाताने उजवी बोटे वाकलेली, आणि डाव्या हाताने तर तो पावही कापू शकत नसे. नेझा त्या चार दिवसांत गावाबाहेर गेली नव्हती, हे मी बसच्या वाहकाकडून आणि शेजारणीकडून वेगवेगळे विचारून घेतले. तिल्का डावखुरी होती हे खरे. पण ती रोज पहाटेपासून टपालावर होती, दुकान योश्तच्या खोलीतूनच उघडत असे, आणि शिवाय ती जाळायला आली होती. जिला फळी वाचवायची असती, ती काळा कोट घालून आली नसती. चौथा तर्क माझ्याकडे नाही.

तिल्का मात्र काही शोधत नव्हती. ती दोन्ही फळ्या हातांत घेऊन उभी होती, जुनी डाव्या हातात, नवी उजव्या. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यात आनंद नव्हता. चार दिवस लढून एखाद्याने स्वतःच्या हाताने दार लावावे, आणि आतून कुणी कडी वाजवावी, तसा तो चेहरा होता.

"आता सारख्या नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत," योश्त म्हणाला.

"मग नियम मोडत नाही?"

"नाही."

"टांगा दोन्ही."

त्याने दोन्ही टांगल्या. पाच आठवड्यांनी दुनळी तयार झाली. सोळा बोअरच्या जुन्या चांगल्या नळ्या, अक्रोडाचा गडद दस्ता, डावा कल. बापाच्या तरुणपणाचे तंतोतंत माप. तिल्काने ती दुकानातच डोळे मिटून खांद्याला लावली. या वेळी डोळे उघडायला तिला फार वेळ लागला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही मिर्झली डोलच्या काठावर पोचलो. ठाण्यांची यादी नेहमीप्रमाणे मी केली होती. अकरा ठाणी, अकरा नावे, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी. तिल्काला मी काठावरचा तोच फर दिला. तिने मागितला नव्हता, पण दुसरा दिला असता तर तिने घेतला नसता. माझे ठाणे तिच्या उजवीकडे साठ पावलांवर, शेवटचे. आमच्यापुढे खळगा होता, आणि खळग्यात कुणालाही ठाणे देत नसत. धुके तळातून वर चढत होते. ते दुधासारखे नव्हते, पांढऱ्या लोकरीसारखे होते. त्यात हात घातला तर हाताला काही लागेल असे.

शिंग वाजले. दूरवरून हाकाऱ्यांच्या काठ्या झाडांवर आपटू लागल्या. पाऊण तास काहीच आले नाही. मग खळग्यातून फांदी मोडल्याचा आवाज आला, पुन्हा एक, आणि धुक्यात काहीतरी काळे वर येऊ लागले. सावकाश. थांबत थांबत. डुक्कर हाक्यापुढे पळते, असे सावकाश येत नाही, हे माझ्या मनात आले, आणि त्याच क्षणी तिल्काने बंदूक खांद्याला लावलेली मला दिसली.

ते काळे तिच्यापासून वीस पावलांवर येऊन थांबले. उंची किती, रुंदी किती, मला सांगता येणार नाही. धुक्यात झुडूपही माणसाएवढे दिसते. मी मनात मोजू लागलो, एक, दोन, तीन. बार निघाला नाही. तिल्काने बंदूक खाली घेतली, दस्त्याजवळच्या बिजागरीतून वाकवून उघडली, दोन्ही काडतुसे काढून खिशात घातली, आणि वस्तीवरच्या दारात विचारावे तसे स्पष्ट विचारले:

"कोण आहे?"

काळे वळले आणि खाली उतरून गेले. पावलांचा आवाज आला नाही. नुसते धुके हलले.

आणि मग खळग्याच्या तळातून, जिथे शेवाळाशिवाय काही नाही तिथून, एक लहानसा स्वच्छ आवाज आला. 'खट्.' उघडलेली बंदूक मिटल्याचा. शिकाऱ्याच्या कानाला तो आवाज दुसऱ्या कशासारखा वाटत नाही. मी आधी तिल्काकडे पाहिले. तिची दुनळी अजून उघडीच होती, कोपरावर लटकलेली.

दुपारी शेकोटीपाशी स्लिवोविट्सचा, प्लमच्या दारूचा, पेला फिरत होता. त्सेनेंच्या ठाण्यापुढे दोन डुकरे पडली होती, तरी त्यांचा पारा चढलेला.

"डुक्कर समोर उभं, आणि ही त्याला नाव विचारते! पुढच्या वेळी पत्ता पण विचार, म्हणजे टपाल तरी नेता येईल त्याला!"

सगळे हसले. तिल्का हसली नाही, रागावलीही नाही. "नाव विचारल्याशिवाय मी कुणाकडं काही देत नाही, त्सेनेकाका. टपालात तसाच नियम आहे."

"मग उभी कशाला राहतेस? यादीतून काढू का नाव?"

"काढू नका."

हसणे आपोआप थांबले. पेला पुढे सरकला. मग ती माझ्याकडे वळली, आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारले, "खाली तळाला कुणाचं ठाणं होतं, गुरुजी?"

"कुणाचंच नाही."

"तुम्ही ऐकलंत?"

मी खोटे बोललो असतो तर बरे झाले असते की काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण मी तेव्हा म्हणालो, "ऐकलं."

तिने मान हलवली. चेहऱ्यावरचा तो वाजलेल्या कडीचा भाव मावळला, आणि त्या जागी आले ते रोजचे, कामाचे असे काहीतरी, जे पाहून मला आणखी थंडी वाजली. "मग पुढच्या वर्षी यादीत लिहा," ती म्हणाली. "नंबर लिहा. नाव नको."

मी यादीत रिकामा रकाना कधी सोडत नाही. त्या वर्षी सोडला. १९६५ च्या नोव्हेंबरात हाक्याच्या सकाळी मी बारा चिठ्ठ्या केल्या आणि अकरा वाटल्या. त्सेनेंनी मोजल्या, माझ्याकडे पाहिले आणि आपली चिठ्ठी खिशात घातली. बारावी चिठ्ठी तिल्काने माझ्या हातातून घेतली, उघडी बंदूक कोपरावर टाकली आणि धुक्यात तळाकडे उतरली. आम्ही काठावर थांबलो. सुमारे दहा मिनिटांनी ती वर आली, तिच्या टपालाच्या चालीने, ना सावकाश ना घाईत.

तिच्या हातात चिठ्ठी नव्हती.